संजीवनी माचीच्या दुहेरी तटाची कुळकथा

राजगडावर येणारे बहुतेक जण पद्मावती माचीवर दम खातात, देवीचं दर्शन घेतात, तळ्याशी थोडं टेकतात, बालेकिल्ला चढून येतात आणि उतरायला लागतात. दिवस हाताशी असेल तर सुवेळा माचीचं नेढं, म्हणजे खडकातलं आरपार भोक, पाहून होतं. संजीवनी माची मात्र राहून जाते, कारण ती लांब आहे, जवळजवळ अडीच किलोमीटर. स्वराज्याच्या या पहिल्या राजधानीत बांधकामाची सगळ्यात मोठी हुशारी जिथे आहे, नेमकं तेच पाहायचं राहतं याचं मला फार वाईट वाटतं.

माचीच्या तटाजवळ गेलं की पहिल्यांदा लक्षात येतं, की भिंत एक नाही, दोन आहेत. बाहेरचा तट वेगळा, आतला वेगळा, आणि मध्ये अर्ध्या-पाऊण मीटरची फट. खोली सहा-सात मीटर. बुरुजांचंही तसंच. आत एक बुरूज, त्याच्या पोटाला धरून बाहेरून दुसरा. यालाच चिलखती बुरूज म्हणतात. आत उतरायला नागमोडी दगडी जिना आहे. पायऱ्या उंच, वाट अरुंद, वळणावर खांदा दगडाला घासतो. पाठीवर पिशवी असेल तर ती काढून हातात घ्यावी लागते. तिथे दोन माणसं शेजारी उभी राहू शकत नाहीत, आणि तसंच बांधणाऱ्याला हवं होतं.

समजा, शत्रूने तोफा डागून बाहेरची भिंत फोडली. पुढे आतला तट अभंग उभा, कारण दोन्ही भिंती एकमेकींना चिकटलेल्या नाहीत. एक कोसळली तरी दुसरीला ओढत नाही. फटीत शिरलेल्या माणसाला तलवार फिरवायला जागा नाही, शिडी लावायला जागा नाही, मागे वळायलाही नाही. आणि डोक्यावर, आतल्या तटावर, गडकरी उभे.

ही कल्पना डोंगरावर जन्मलेली नाही. तिचं मूळ सपाटीवर, दख्खनच्या भुईकोटांत आहे. तिथे ताशीव कडा नाही, मग माणसाने आडकाठ्या रचल्या. आधी पाण्याचा खंदक, मग एक बुटका तट, मग त्याहून उंच दुसरा. परांड्याला हे आजही नीट दिसतं. १६०० साली अहमदनगर पडल्यावर निजामशाहीचा कारभार याच परांड्याहून चालला होता, आणि त्याच निजामशाहीत पुढे शहाजीराजांनी सरदारकी केली. भुईकोट लढवणं आणि घेणं मराठा सरदारांच्या रोजच्या पाहण्यातलं होतं. राजगडाच्या तटाचं कूळ मी तिथे लावतो.

पण भुईकोटाची रीत उचलून डोंगरावर ठेवली, इतकं ते सोपं नव्हतं. मुळात डोंगराला कडा असताना दुहेरी तट हवा कशाला? उत्तर जागेवर उभं राहिलं की मिळतं. राजगड ज्यावर उभा आहे त्या मुरुंबदेवाच्या डोंगराचा बालेकिल्ला जबरदस्त आहे, चहूबाजूंनी तुटलेला, पण जागेला तोकडा. राजधानी म्हटली की वाडे, सदर, कोठारं, शिबंदी, पाणी हे सगळं आलं. ते माथ्यावर मावणार नव्हतं, म्हणून डोंगराच्या सोंडांवर माच्या बांधल्या. सभासद बखर चार माच्या सांगते. आज आपण पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन मोजतो. सोंडेला माथ्यासारखा सलग कडा नसतो. त्यातही संजीवनीची सोंड पश्चिमेकडे तोरण्याच्या दिशेने उतरत जाते. त्या बाजूची डोंगरधार धरून तोरण्याहून आजही भटके चालत येतात आणि अळू दरवाजाने गडात शिरतात. जिथून भटका येतो तिथून फौजही येऊ शकते. निसर्गाने जे कमी दिलं, ते इथे बांधकामाने भरून काढलं. उतरत्या सोंडेवर खंदकात पाणी थांबणार कसं? म्हणून खंदकाचं काम कोरड्या फटीने केलं, आणि ती माणसाच्या अंगाएवढी अरुंद केली. मराठी दुर्गबांधणीची खरी भर ती हीच.

दगड गडाचाच. जागोजागी खोदलेली टाकी पाहिली की एका कामात दोन कामं कशी साधली ते कळतं: दगड निघाला आणि पाण्याची सोय झाली.

सुमारे पाव शतक राज्य इथून चाललं. १६५९ मध्ये शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाई इथे गेल्या, त्यांची समाधी पद्मावती माचीवर आहे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले द्यावे लागले तेव्हा राखलेल्या बारांत राजगड होता. आग्र्याहून सुटल्यावर महाराज आले ते इथेच. १६७० साली त्यांचे पुत्र राजाराम यांचा जन्मही इथलाच. त्यानंतर राजधानी रायगडावर गेली. रायगडाचा माथा प्रशस्त आणि कडे सरळ तुटलेले. वाडे, बाजारपेठ, राजसभा सगळं वर मावलं. संजीवनीसारखा दुहेरी तट तिथे लांबवर घालायची गरजच पडली नाही.

औरंगजेब स्वतः राजगडावर चालून आला तो डिसेंबर १७०३ मध्ये. फेब्रुवारी १७०४ मध्ये गड त्याच्या हाती लागला आणि त्याने नाव ठेवलं नबीशाहगड. मराठ्यांनी काही वर्षांतच गड परत घेतला आणि ते नाव तिथेच संपलं.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात राजगड आहे. आता गर्दी वाढणार. गुंजवण्याहून चोर दरवाजाने चढणाऱ्यांना आणि पाली दरवाजाच्या रुंद पायऱ्यांनी येणाऱ्यांना माझी विनंती एवढीच, की पहाटे निघा आणि आधी संजीवनीकडे वळा. तटाच्या माथ्यावरून चालू नका, तिथले चिरे सुटू लागले आहेत. बॅटरी घेऊन जिन्याने आत उतरा आणि मान वर करून आतला तट बघा.