उरणचा 'सेफ्टी झोन' म्हणजे नेमकं काय?

नवी मुंबईला लागून असलेल्या उरणमध्ये करंजा येथे नौदलाचं शस्त्रागार आहे. युद्धनौकांना दारूगोळा लगेच मिळावा म्हणून साठा किनाऱ्यालाच हवा. पण स्फोट झाला तर वस्तीला झळ नको, म्हणून भोवती मोकळी जागाही हवी. हे अंतर उगाच मागत नाहीत: 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळ्याने भरलेलं 'फोर्ट स्टिकिन' जहाज फुटलं, शेकडो माणसं गेली.

अडचण वेगळीच आहे. 1903 च्या 'वर्क्स ऑफ डिफेन्स' कायद्यात सातबारा मालकाच्याच नावावर राहतो, फक्त बांधकामावर बंधन येतं. भरपाईची तरतूदही त्याच कायद्यात आहे. केगाव, म्हातवली, नागावचे घरमालक 1992 च्या अधिसूचनेपासून याच झोनविरुद्ध भांडत आलेत.