से कॅथेड्रल, जुने गोवे

गोवा व दमण आर्चबिशपपीठाचे मुख्य चर्च. संत कॅथरिनला अर्पण. पोर्तुगीज सेनानी अफोंसो द अल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवे जिंकले तो दिवस (२५ नोव्हेंबर १५१०) या संतेच्या सणाचा होता.

इतिहास : गोव्याचे बिशपपीठ १५३४ मध्ये स्थापन झाले. पोर्तुगालचा राजा सेबाश्तियांवच्या कारकिर्दीत १५६२ मध्ये सध्याच्या इमारतीस आरंभ झाला. मुख्य दारावरील लॅटिन लेखात हे वर्ष आढळते. खर्च राजकोशातून झाला. इमारत मूळची डॉमिनिकन संघासाठी होती, असे काही अभ्यासक मानतात. मुख्य बांधकाम १६१९ पर्यंत, तर वेद्यांचे काम १६५२ पर्यंत चालले. मधल्या काळात १६४० मध्ये अभिषेकविधी झाला. वास्तुकार म्हणून आर्गेरोस व झुलिओ सिमांव ही नावे घेतली जातात. मात्र कोणाचा वाटा किती, याविषयी एकमत नाही.

वास्तुरचना : लांबी सु. ७६ मी., रुंदी सु. ५५ मी., दर्शनी भागाची उंची सु. ३५ मी. दर्शनी बाजू पूर्वेस. बांधकाम जांभ्या दगडाचे, वर चुन्याचा गिलावा व सफेदी. जांभा सच्छिद्र असल्याने कोकणच्या पावसात हे आवरण केवळ शोभेचे राहत नाही. बाहेरची स्तंभरचना साधी टस्कन, आतील कोरिंथियन. ही रचना अठराव्या शतकातील नवअभिजात शैलीच्या आधीची असून प्रबोधनकालीन अभिजात परंपरेतील आहे. छताच्या कमानींत गॉथिक वळण टिकून आहे. दर्शनी बाजूस तीन दारे व मुळात दोन मनोरे होते. उत्तरेकडील मनोरा १७७६ मध्ये कोसळला (वीज पडून, असे सांगतात). तो पुन्हा उभारला गेला नाही. त्यामुळे मूळची समतोल रचना आज एकांगी दिसते. आत रुंद मध्यदालन, दुतर्फा दोन उपदालने व त्यांना लागून आठ प्रार्थनाकक्ष आहेत. मुख्य वेदीमागील सोनेरी मुलाम्याच्या लाकडी फलकांवर कॅथरिनच्या हौतात्म्याचे प्रसंग कोरले आहेत. एका कक्षात चमत्कारांचा क्रूस आहे. त्यावर १६१९ मध्ये ख्रिस्तदर्शन घडल्याची श्रद्धा आहे.

घंटा : दक्षिण मनोऱ्यात, नादामुळे ‘सोन्याची घंटा’ म्हणून प्रसिद्ध.

सद्यःस्थिती : जुने गोवे येथील चर्चसमूहाचा भाग म्हणून १९८६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. सर्वसाधारणपणे दर दहा वर्षांनी संत फ्रान्सिस झेवियरचे अवशेष बॉम जेझूस बॅसिलिकातून दर्शनासाठी येथे आणतात. अलीकडचे दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाले.