इस्तव बरोबर घेऊन

धाकट्यानं यंदा कार्ल्याला जायला कॅराव्हॅन भाड्यानं ठरवली आणि घरात पहिला वाद झाला तो शेगडीवरून. त्याच्या मोबाइलवर तीन चित्रं. एक गोल झाकणाची, कोळशाची. दुसरी घडीची, पेटीसारखी मिटणारी. तिसरी गॅसच्या डबीवर चालणारी. "आई, तू सांग." माझं माहेर आणि सासर दोन्ही खाडीकाठच्या सारसोळ्यातच. त्यामुळं साठेक वर्षांत या दोन घरांतून ज्या शेगड्या प्रवासाला निघाल्या, त्यांतल्या बहुतेकींची राख मी काढलेली आहे.

सगळ्यात जुनी आठवण बाबांच्या होडीतल्या चुलीची. रॉकेलचा चौकोनी डबा एका बाजूनं कापायचा, तळाला चार बोटं चिखल थापायचा आणि वर दोन सळ्या आडव्या टाकायच्या, झाली चूल. चिखल नसला तर खालची फळी कोळपायची. रात्री जाळं लावून होडी नांगरावर थांबली, की भरती-ओहोटीच्या पाण्याबरोबर ती गोल फिरायची, आणि डब्याच्या पाठीकडचा वारा तोंडाकडं यायचा. डबा फिरवत राहणं हे माझ्या भावाचं काम. त्याला झोप लागली की बाबा ओरडायचे, "पोरा, इस्तव बघ!" इस्तव म्हणजे विस्तव. इंधन तिवराचं. नीट वाळलं तर निखारा धरायचं, ओलं असलं तर सगळ्यांना रडवायचं. तेव्हा लोक तिवर हवं तितकं तोडायचे. तिवरतोडीवर उच्च न्यायालयाची बंदी आली २००५ मध्ये, तोवर आमच्याकडच्या होड्यांत गॅस पोचला होता.

चैत्रात कार्ल्याच्या एकवीरेला जायचं तेव्हा डबा घरीच राही. पनवेलवरून खोपोली, मग बोरघाट. हा गाडीरस्ता इंग्रजांनी १८३० मध्ये खुला केला. त्याच वाटेनं आमची एसटी घरघरत वर चढायची आणि अर्ध्या बायका ओकायच्या. डोंगरावर लेण्याच्या तोंडाशीच देवीचं देऊळ. स्वयंपाक मात्र खाली, पायथ्याच्या रानात. तिथं दगड न्यावे लागत नसत. आदल्या वर्षीच्या, त्याआधीच्या यात्रेकरूंनी काळे केलेले दगड जागोजागी पडलेले असत. आय तीनच उचलायची, पण दहा हातात धरून बघायची. हलका आणि भोकांचा दगड तापतो लवकर, पण पाणी प्यायलेला असला तर आचेवर फुटतो, असं ती म्हणायची.

मग घरात प्रायमस आला. स्वीडनमधल्या लिंडक्विस्ट नावाच्या माणसानं १८९२ मध्ये काजळी न धरणारा हा स्टोव्ह केला. अमुंडसेन १९११ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोचला तेव्हा त्याच्याबरोबर प्रायमसच होता. ध्रुवावर चालला म्हणजे कार्ल्यात चालेल, असं काही कुणी आम्हांला सांगितलं नव्हतं, पण मोठ्या काकीचा विश्वास तसाच होता. काकडा पेटवून बर्नर तापवायचा, पंप मारायचा, भोक तुंबलं की पिन घालायची. भिंतीच्या आत हे सगळं छान. उघड्यावर ज्योत आडवी व्हायची आणि पातेल्याच्या एकाच कुशीला जाळायची. मग तिन्ही बाजूंनी ताटं उभी करायची. एका वर्षी निघायच्या आदल्या दिवशी दुकानातून नवा वॉशर बसवून आणला होता. तो घाटातच गळायला लागला आणि वड्यांचं तांदळाचं पीठ रॉकेलनं माखलं. शेजारच्या बिऱ्हाडानं पीठ उसनं दिलं. तेव्हापासून आमच्याकडं पीठ आणि स्टोव्ह एका पिशवीत जात नाहीत. आज स्टोव्ह नाही, तरी जात नाहीत.

पण माझा स्टोव्हवरचा राग त्या पिठामुळं नाही. स्टोव्हवर शिजतं, भाजत नाही, एवढंच माझं म्हणणं. सुका बोंबील निखाऱ्यावर टाकला की आधी वळतो, मग कडेला फोड येतात, मग एक क्षण असा येतो की वास गोड होतो. तोच उचलायचा क्षण. त्यानंतर दोन श्वास घेतले की कडू. ज्योतीवर हा क्षण येतच नाही. बाहेरून काळा, आतून चामडं. चिंबोरीचंही तसंच. पेणकडचे आमचे सोयरे तर हिवाळ्यात शेगडी लागतच नाही म्हणतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, कोंबडी भरून मडकं पालथं घालतात, भोवती पेंढा पेटवतात. पोपटी. माझ्या मते या भागातला सगळ्यात शहाणा स्वयंपाक तोच, कारण भांडं हीच भट्टी.

कोळशाची शेगडी आमच्याकडं बादलीतून आली. जुनी लोखंडी बादली, खाली खिडकी कापलेली, आतून मातीनं लिंपलेली, मध्ये सळ्यांची जाळी. भातशेती आणि मिठागरांवर सिडको आली, इमारती उठल्या, चूल घरातून गेली, पण बादली धक्क्यावर राहिली. मुंबईत बर्मा शेलचा 'बर्शेन' गॅस १९५५ मध्येच विकायला लागला होता. खाडीच्या या काठाला त्याची ऊब फार उशिरा लागली.

धाकट्याच्या पहिल्या चित्राची गोष्ट ऐकून मात्र मी हसले. शिकागोजवळच्या वेबर ब्रदर्स नावाच्या कारखान्यात धातूचे बोये बनत. तिथल्या जॉर्ज स्टीफन यानं १९५२ मध्ये गोल बोया मधोमध कापला, खालच्या अर्ध्यात कोळसा ठेवला आणि वरच्याचं झाकण केलं. बोया! आमच्या धक्क्यावर कुणी बोया कापला असता तर नाखव्यानं त्यालाच कापला असता. पण कल्पना आमचीच वाटते. झाकण म्हणजे पालथं मडकं, वाऱ्याला वाव नाही. तिसऱ्या चित्रासारखी, आडवी डबी खोचायची नळीविना शेगडी जपानच्या इवातानी कंपनीनं १९६९ मध्ये आणली. चहाला तिच्यासारखं दुसरं काही नाही.

राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण केलं. त्यात शेगडीचं काय म्हटलंय ते धाकट्यानं वाचावं. माझा कायदा वेगळा. गाडीच्या आत कोळसा नाही, विझलेला वाटला तरी नाही. निखाऱ्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. दुसरं, राख कुठं टाकणार? होडीत प्रश्नच नव्हता, खाडी होती. म्हणून राखेसाठी झाकणाचा पत्र्याचा डबा वेगळा. तिसरं, शेगडीचे पाय. चैत्रातलं गवत वाळलेलं असतं आणि तळ तापला तर खालचं रान पेटतं.

बोया चांगला, पण जड, आणि गाडीत मांडीवर घेऊन बसावा लागेल. शेवटी घडीची घेतली, चहासाठी डबीची. परवा धक्क्यावर दोन्हींवर बोंबील भाजून बघितले. कुठला कशावरचा ते न सांगता सुनेला डोळे मिटून चाखायला लावलं, तिनं कोळशाचाच बरोबर ओळखला. फक्त घडीच्या शेगडीचा तळ पातळ, हात लावताच कळलं. मी खाडीकाठची माती आणून आत चार बोटं थापली. "आई, आता ती मिटणार कशी?" धाकट्यानं विचारलं. मिटत नाही. वजनही दुप्पट झालंय.

गच्चीवर सुकत ठेवली आहे, शेजारी बोंबील सुकवायची वलांडी. पहिल्या दिवशी मातीला भेगा गेल्या, त्या राख कालवून बुजवल्या. शेजारचं मांजर रोज येतं, शेगडीला वळसा घालतं आणि बोंबलांखाली जाऊन बसतं.