रेघेवरचे कोणते बिंदू आपले?

तुमसर तालुक्याच्या उत्तर टोकाला, मध्य प्रदेशाच्या सीमेजवळ नाकाडोंगरी आहे. एका अंगाला जंगल, दुसऱ्या अंगाला डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथल्या मँगनीजच्या खाणी, आणि मधल्या बांध्यांमध्ये धान. इथल्या मुलांना मी बीजगणित शिकवलं. दहावीच्या गणिताच्या पहिल्या भागात पहिलंच प्रकरण दोन चलांतील रेषीय समीकरणांचं. त्यातल्या आलेखाला मुलं घाबरत नाहीत, कारण तिथे गुण हमखास मिळतात. पण आलेख काढला म्हणजे समीकरण समजलं असं नाही, आणि ते मला वर्गातल्याच एका मुलीने दाखवलं.

फळ्यावर मी गणित घातलं होतं. दहा क्विंटल धान भरायचं आहे. काही कट्टे 40 किलोचे, काही पोती 75 किलोची. कट्टे क्ष, पोती य धरली तर 40क्ष + 75य = 1000. पाचने भागलं की 8क्ष + 15य = 200. मग नेहमीची रीत: क्ष शून्य धरला की य येतो 13 पूर्णांक एक तृतीयांश, य शून्य धरला की क्ष 25. दोन्ही अक्षांवर खुणा केल्या, पट्टी लावली, रेघ ओढली. पुस्तकात असतं तसं मी म्हणालो, या रेघेवरचा प्रत्येक बिंदू म्हणजे एक उत्तर. तेव्हा ती उभी राहिली आणि म्हणाली, "अर्धा कट्टा कोन घेते जी?"

तिचा प्रश्न बाराव्या शतकातला होता. किंबहुना त्याहूनही जुना.

आर्यभटाने 499 मध्ये आणि ब्रह्मगुप्ताने 628 मध्ये याच जातीच्या, म्हणजे पूर्ण संख्यांतच उत्तर हवं असलेल्या समीकरणांवर काम केलं. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास त्याची मांडणी अशी नेटकी केली, की पुढची कित्येक शतकं ती शिकवली गेली. या रीतीचं नाव कुट्टक. एका संख्येला अज्ञाताने गुणा, त्यात काही मिळवा, दुसऱ्या संख्येने भागा, बाकी उरता कामा नये. तर तो अज्ञात कोणता? त्यांच्या लीलावती या ग्रंथातलं प्रसिद्ध उदाहरण 221, 65 आणि 195 या संख्यांचं आहे. 221 ला कशाने गुणून 65 मिळवले तर 195 ने निःशेष भाग जाईल? तिन्ही संख्यांना 13 ने भाग जातो, म्हणून उरतात 17, 5 आणि 15. उत्तर 5, भागाकार 6. ताळा पाहा: 17 गुणिले 5 म्हणजे 85, अधिक 5 म्हणजे 90, आणि 15 गुणिले 6 म्हणजेही 90. पुढचं उत्तर 20, भागाकार 23. त्यापुढे दर खेपेला पहिल्यात 15 आणि दुसऱ्यात 17 मिळवत जायचं.

भास्कराचार्यांच्या बीजगणितात अज्ञातांना नावं आहेत. पहिला यावत्तावत्, मग रंगांची नावं: कालक, नीलक, पीतक. लिहिताना नुसतं पहिलं अक्षर: या, का, नी, पी. सुट्या संख्येला रू. दोन्ही बाजू एकाखाली एक मांडायच्या. आजचं 17क्ष + 5 = 15य हे समीकरण या 17 रू 5, आणि त्याखाली का 15, असं काहीसं दिसलं असतं. पान भरून अशी गणितं आहेत, पण त्यांत अज्ञातांसाठी अक्ष नाहीत आणि रेघही नाही. या माणसांना पूर्णांक हवे होते, कारण प्रश्न ग्रहांच्या फेऱ्यांचा आणि दिवसांचा होता. युग सुरू झाल्यापासून किती दिवस लोटले, तेवढ्यात ग्रहाच्या किती पुऱ्या फेऱ्या झाल्या, वर किती उरलं. असा हिशेब पूर्ण संख्यांतच चालतो.

हे ज्ञान आपल्या मातीत किती रुजलं होतं याचा दगडी पुरावा जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ, पाटणादेवीच्या परिसरात सापडला. शके 1128 चा शिलालेख. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारात ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने मठ स्थापला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं. लेखाचा मुख्य भाग संस्कृत आहे, शेवट मात्र जुन्या मराठीत. भाऊ दाजी लाड यांनी 1865 मध्ये तो अभ्यासकांपुढे आणला. गणिताच्या पुस्तकांसाठी दान मिळावं आणि त्याचा काही मजकूर मराठीत कोरला जावा, याहून मोठा मान महाराष्ट्रातल्या गणितशिक्षकाला मला माहीत नाही.

रेघ आली ती युरोपातून. 1637 मध्ये देकार्तच्या भूमितीवरच्या ग्रंथाने समीकरण आणि वक्ररेषा यांची गाठ घातली, आणि फर्मा त्याच सुमारास स्वतंत्रपणे तिथेच पोचला होता. पण आपण आज ज्याला आलेख म्हणतो, म्हणजे चौकटींच्या कागदावर पोराने पेन्सिलीने ठिपके मांडून काढलेली रेघ, ती शाळेत यायला आणखी अडीचशेहून अधिक वर्षं गेली. त्याचं बरंचसं श्रेय जॉन पेरी या इंजिनिअर शिक्षकाला जातं. 1870 च्या दशकात ते जपानमध्ये, तोक्योच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होते, आणि चौकटींचा कागद विद्यार्थ्यांच्या हाती द्यायची सवय त्यांना तिथे लागली. 1901 मध्ये ग्लासगोच्या ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत त्यांनी शालेय गणित बदलायची मागणी केली आणि तिचा गाजावाजा झाला. काही वर्षांतच हॉलसारख्या लेखकांच्या इंग्रजी बीजगणितांत आलेखाचे भाग दिसू लागले, आणि तीच पुस्तकं हिंदुस्थानातल्या हायस्कुलांत चालत. पुढे महाराष्ट्रात 1967 मध्ये बालभारती स्थापन झाली, 1975 मध्ये दहावीची पहिली एसएससी परीक्षा झाली, आणि ग्राफ पेपर खेड्यातल्या मुलाच्या कंपासपेटीइतकाच परिचयाचा झाला.

यात एक गोष्ट निसटली. कुट्टक शिकवणाऱ्यांकडे पूर्णांक होते, रेघ नव्हती. आमच्याकडे रेघ आली आणि पूर्णांकांचा प्रश्न पुस्तकाबाहेर गेला. खरं तर दोन्ही एकाच कागदावर आहेत. ग्राफ पेपरवर आडव्या आणि उभ्या रेघा जिथे मिळतात ते कोपरे म्हणजेच पूर्णांकांच्या जोड्या. आपली तिरपी रेघ ज्या कोपऱ्यांतून नेमकी जाते, तीच कुट्टकाची उत्तरं. कट्ट्यांच्या गणितात एका टोकाला (25, 0) आहे आणि वर (10, 8). पंधरा कट्टे कमी करा, आठ पोती वाढवा, वजन तेवढंच राहतं. या दोन कोपऱ्यांखेरीज ती रेघ पहिल्या चरणात एकाही कोपऱ्याला शिवत नाही. त्या मुलीला हवी होती ती उत्तरं दोनच.

भास्कराचार्यांनी आणखी एक सांगून ठेवलं आहे: गुणायची संख्या आणि भाजक ज्या संख्येने भागले जातात तिने मिळवायची संख्या भागली जात नसेल, तर तो प्रश्नच चुकीचा. कागदावर 6क्ष + 9य = 20 ही रेघ काढून बघा. डावी बाजू कायम तीनच्या पटीत, 20 ला तीनने भाग जात नाही. म्हणून रेघ कितीही लांबवा, ती प्रत्येक कोपऱ्याला बगल देऊन पुढे जाते. हे मुलांना नुसतं सांगून पटत नाही, काढायला लावलं की पटतं.

हाताच्या कामाबद्दलही थोडं सांगायला हवं. अक्षांवरचे दोन बिंदू घेऊन रेघ ओढायची रीत सोपी, पण डोळे मिटून वापरायची नाही. लीलावतीतलं समीकरण 15य − 17क्ष = 5 असं लिहिलं तर रेघ य-अक्षाला एक तृतीयांशावर आणि क्ष-अक्षाला उणे पाच सतरांशावर छेदते. दोन्ही बिंदू आरंभबिंदूला चिकटलेले. पट्टी केसभर हलली तरी वरचं टोक दोन-तीन चौकटी चुकतं. अशा वेळी (5, 6) आणि (20, 23) हे लांबचे कोपरे शोधायचे आणि त्यांना जोडायचं. म्हणजे चांगला आलेख काढायलाही कुट्टकच मदतीला येतो.

रेघेवरचा प्रत्येक बिंदू चालतो अशीही कामं आमच्या भागात आहेत; खाणीतलं खनिज मिसळणं हे त्यातलं एक. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट या 1896 च्या ब्रिटिश कंपनीच्या वारशातून 1962 मध्ये मॉइल ही इथल्या खाणी चालवणारी कंपनी उभी राहिली. डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून कोरड्या बॅटऱ्यांना लागणारं मँगनीज डायऑक्साइडचं खनिजही निघतं. समजा, 46 टक्के मँगनीजचं क्ष टन आणि 30 टक्क्यांचं य टन खनिज मिसळून एकूण 60 टन मँगनीज हवं आहे: 46क्ष + 30य = 6000. इथे अर्धा टनही चालतो, पाव टनही चालतो. दोन टोकांमधली अख्खी रेघ उपयोगाची. आणि या रूपात दोन्ही प्रकारचं खनिज एका बाजूला बरोबरीने उभं राहतं. म्हणून मला समीकरणाचं हे सामान्य रूप प्रिय आहे. यात एक मुख्य आणि दुसरा त्यावर अवलंबून असं नाही, दोघं मिळून एक बेरीज पुरी करतात. घाईने य एकटा डावीकडे नेला की हे नातं दिसेनासं होतं.

तिसरं उदाहरण रेल्वेचं. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात इब्री नावाच्या इंजिनिअरच्या पद्धतीने गाड्यांचा आलेख काढत. मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या पुस्तकातून ती पद्धत जगाला ठाऊक झाली. आडवी वेळ, उभी स्टेशनं, प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरपी रेघ. आपल्याकडच्या कंट्रोल ऑफिसांत हे चार्ट पेन्सिलीने भरत, आता संगणकावर उमटतात. तुमसर रोडहून गोबरवाहीमार्गे तिरोडीला जाणारा आमचा फाटा एकेरी. समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांच्या रेघा कागदावर कुठेही छेदून चालत नाहीत. त्या स्टेशनाच्या आडव्या रेघेवरच छेदल्या पाहिजेत, नाहीतर क्रॉसिंग होणार कुठे? दोन समीकरणांचा छेदनबिंदू काढताना मी मुलांना आधी हा चार्ट दाखवत असे.

दहावीला शिकवणाऱ्या माझ्या भावांनो आणि बहिणींनो, एवढीच विनंती आहे. रेघ ओढून झाली की लगेच वही मिटू देऊ नका. विचारा, ही कोणकोणत्या कोपऱ्यांतून गेली? एकातूनही गेली नसेल तर का? आणि हे गणित ज्या वस्तूंचं आहे, त्यांचा अर्धा तुकडा चालतो का? या तीन प्रश्नांना पाच मिनिटंही लागत नाहीत, आणि त्यांची उत्तरं देणाऱ्या मुलाला चांगदेवाच्या मठातला अभ्यास परका वाटणार नाही.