स्त्रियांमधील उदरस्थ स्थूलता

उदरस्थ स्थूलता म्हणजे पोट व कंबरेच्या भागात चरबीचा प्रमाणाबाहेर होणारा संचय. स्त्रियांमध्ये तिचा संबंध टाइप २ मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, यकृतातील मेदवृद्धी आणि रजोनिवृत्तीनंतरचा स्तनांचा कर्करोग यांच्याशी आढळतो. एकूण वजन प्रमाणात असलेल्या स्त्रीलाही हा धोका असू शकतो.

स्वरूप

पोटावरील चरबी दोन प्रकारची असते: त्वचेखालची आणि आतड्यांभोवतीची अंतस्थ चरबी. अंतस्थ चरबीतून सुटणारी मेदाम्ले थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत मिसळतात. त्यामुळे इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो आणि रक्तातील साखर व ट्रायग्लिसराइड वाढतात. प्रजननक्षम वयात इस्ट्रोजेन संप्रेरकाच्या प्रभावाने चरबी मुख्यतः नितंब व मांड्यांवर साठते; रजोनिवृत्तीनंतर ती पोटाकडे वळते. फ्रेंच वैद्य जाँ व्हाग यांनी १९४७ साली चरबीच्या या वाटणीतील भेदाकडे लक्ष वेधले.

मापन

सर्वांत खालची बरगडी आणि कंबरेच्या हाडाचा वरचा कडा यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडल्यावर, मोजपट्टीने घेर मोजतात. भारतीय स्त्रियांसाठी ८० सेंमी व पुरुषांसाठी ९० सेंमी ही मर्यादा मानली जाते. साडी वा परकराच्या नाडीच्या जागी घेतलेले माप या मध्याशी जुळेलच असे नाही.

पुण्यातील संशोधन

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांच्या 'कृश पण मेदयुक्त' देहरचनेचा अभ्यास केला. २००४ साली 'द लॅन्सेट'मध्ये त्यांचे व ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचा देहभार निर्देशांक सुमारे २२ होता; मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी होती. पुण्याजवळील सहा गावांत १९९३ पासून सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासात नवजात बालके वजनाने कमी, परंतु तुलनेने अधिक चरबीची आढळली. त्यामुळे गर्भवतीचे पोषण हाही या प्रश्नाचा भाग ठरला.

भारतातील प्रमाण

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रियांचा देहभार निर्देशांक २५ वा अधिक होता. याच सर्वेक्षणातील कंबरेच्या मापांवरून मात्र सुमारे ४० टक्के स्त्रियांत उदरस्थ स्थूलता आढळली; पुरुषांत हे प्रमाण सुमारे १२ टक्के होते. म्हणजेच केवळ वजनाच्या आधारे तपासणी केल्यास धोक्यातील अनेक स्त्रिया नजरेतून सुटतात.

आहार व प्रतिबंध

नियमित चालणे, स्नायूंना बळ देणारा व्यायाम, पुरेशी झोप आणि डाळी, कडधान्ये व भाज्यांचा आहार उपयुक्त ठरतो. केवळ पोटाचे व्यायाम केल्याने तेथील चरबी वेगळी घटत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील नृसिंहवाडीसारख्या दत्तक्षेत्राच्या परिसरात गुरुवार व एकादशीचे उपवास प्रचलित आहेत. साबुदाण्याची खिचडी, बटाटा, पेढे व बासुंदी यांवर केलेल्या उपवासात उष्मांक नेहमीच्या जेवणाहून कमी असतीलच असे नाही. घेर मर्यादेपेक्षा अधिक असल्यास वजन कमी असले तरी रक्तदाब व रक्तशर्करा तपासून घेणे हितावह असते.