‘विक्रांत’ नौकेचें अंतरंग

विमानवाहू नौका पाहावयास जाणाऱ्याची दृष्टि प्रथम उड्डाणपट्टीवर खिळते. पण नौकेचा प्राण त्या पट्टीखालीं असतो. १९६१ सालीं आरमारांत आलेल्या ‘विक्रांत’चा वेग बॉयलरांतील वाफेवर अवलंबून असे, विमानें भिरकावणारें यंत्रहि वाफेचेंच. १९७१ च्या युद्धसमयीं चार बॉयलरांपैकीं एकास तडा गेल्यानें वेग उणावला होता. तरीहि तिच्या ‘सी हॉक’ विमानांनीं चितगाव व कॉक्सबझार येथें मारा केला. त्या यशांत वैमानिकांइतकाच वाटा तळाशीं उष्म्यांत राबणाऱ्या खलाशांचा होता. पुढें संग्रहालय झालेली ही नौका २०१२ पर्यंत मुंबईंत लोकांस पाहावयास मिळे. २०१४ सालीं ती मोडावयास काढली. पोलाद गेलें तें गेलें. इतिहासानें निदान त्या अनामिक श्रमांस तरी विसरूं नये.