तलावांच्या जिल्ह्यात सायकल: पाळ, नहर, पांदण आणि जंगलवाट, कुठे जाता येतं, कुठे थांबायचं

गोंदिया आणि भंडारा हे तलावांचे जिल्हे. गावागणिक तलाव, शेतात बोडी, मध्ये धानाच्या बांध्या आणि त्यांना जोडणाऱ्या मुरमाच्या वाटा. या वाटांवर ट्रक नाही, बस नाही, हॉर्नही नाही. डांबरी रस्ता सोडून अशा कच्च्या वाटेने सायकल चालवण्याचा छंद आता जगभर वाढला आहे. त्याला ‘ग्रॅव्हल सायकलिंग’ म्हणतात. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एम्पोरिया इथे २००६ मध्ये खडीच्या रस्त्यांवर २०० मैलांची शर्यत सुरू झाली. २०२२ मध्ये इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली.

पूर्व विदर्भात मात्र शेतकरी, मजूर आणि शाळेत जाणाऱ्या मुली याच वाटांवरून रोज सायकल चालवतात. आता शहरातले सायकलवालेही इकडे वळू लागले, तर दोघांनाही काही गोष्टी माहीत असायला हव्यात. गाड्या नसल्या म्हणून वाट सुरक्षित झाली असं नाही. वाट कोणाच्या ताब्यात आहे आणि वेळ कोणती आहे, या दोन गोष्टी निघण्याआधी बघायच्या.

या वाटा आल्या कुठून?

इथले जुने तलाव मालगुजारीच्या काळातले. त्यातले बरेच कोहळी समाजाने बांधले. अर्जुनी-मोरगाव तालुक्यातला नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं सांगितलं जातं. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. म्हणून त्यांना माजी मालगुजारी, थोडक्यात ‘मामा’ तलाव म्हणतात. पूर्व विदर्भात असे सहा हजारांवर तलाव आहेत.

त्यानंतर मोठी धरणं आली. गाढवी नदीवरच्या इटियाडोह धरणाचं पाणी नहराने अर्जुनी-मोरगावपासून पुढे गडचिरोलीतल्या वडसा, आरमोरीकडे जातं. नहर खोदला की त्याच्या काठाने देखभालीचा रस्ता राहतो. पाणी आपोआप वाहावं म्हणून नहराला उतार अगदी थोडा दिलेला असतो. त्यामुळे काठचा रस्ताही जवळपास सपाट असतो आणि नवख्या माणसालाही तिथे फारशी दमछाक होत नाही.

कोणती वाट कोणाची?

नहराचा रस्ता: हा जलसंपदा विभागाचा. तो पाहणी आणि देखभालीसाठी आहे. फाटकाला कुलूप असेल तर सायकल उचलून पलीकडे नेऊ नये, शाखा कार्यालयात विचारावं. पाणी सोडलेलं असताना काठापासून दूर राहायचं. अस्तर केलेल्या नहराच्या भिंती निसरड्या असतात. आत पडलं तर पोहणाऱ्यालाही वर चढणं कठीण जातं.

तलावाची पाळ: लहान तलावांची देखभाल बहुतेक ठिकाणी जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे असते आणि मासेमारी सहकारी संस्थेकडे. पाळ मातीची असते. ओल्या पाळीवर चाकोरी पडली की पुढचं पाणी त्याच चाकोरीतून वाहतं आणि माती खचते. म्हणून पावसाळ्यात पाळीवर सायकल नेऊच नये.

पांदण: गावनकाशावर दाखवलेला शेतरस्ता सगळ्यांचा असतो. धुरा मात्र शेतकऱ्याचा. रोवणीनंतर धुऱ्यावरून सायकल नेली तर बांधीतलं पाणी फुटतं, आणि त्याचा भुर्दंड शेतकऱ्याला बसतो.

जंगलवाट: ही वनविभागाची. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ मध्ये जाहीर झाला. नवेगाव राष्ट्रीय उद्यान आणि नवेगाव, नागझिरा, नवीन नागझिरा, कोका ही अभयारण्यं त्याच्या गाभ्यात येतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार तिथे परवानगीशिवाय शिरणं हा गुन्हा आहे, मग ती सायकल का असेना. गाभ्याबाहेरच्या जंगलातही आधी वनरक्षकाला किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्यावं.

‘बाहेरचं’ जंगलही रिकामं नाही

नवेगाव आणि नागझिरा यांच्यामधून राष्ट्रीय महामार्ग ५३ जातो. वाघ, बिबट, रानकुत्रे आणि रानगवे या दोन जंगलांमध्ये ये-जा करतात, तीही गावांच्या आणि शेतांच्या बाजूने. २०२३ मध्ये ब्रह्मपुरी भागातून वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडण्यात आल्या. म्हणजे गाभ्याची पाटी संपली की धोका संपला, असं धरून चालता येत नाही.

सायकलचा एक गुण इथे दोष ठरतो. तिचा आवाज येत नाही. मोटारसायकल दुरून ऐकू येते आणि जनावर बाजूला होतं. सायकल मात्र वळणावर एकदम समोर येते. अस्वल अचानक माणूस दिसला की बिथरून हल्ला करतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात तेव्हा अस्वलं पहाटे झाडाखाली असतात, आणि फुलं वेचणारी माणसंही. त्या दिवसांत पहाटेची जंगलवाट टाळलेली बरी.

केव्हा निघावं, केव्हा परतावं

सगळ्यात चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मुरूम घट्ट असतो, धान कापून झालेलं असतं आणि तलावांवर बाहेरदेशीचे पक्षी उतरलेले असतात. गोंदियात वर्षाला १,२०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यामुळे जूनपासून कच्च्या वाटांवर चिखल चाकात भरतो. एप्रिल-मेमध्ये ऊन कडक, शिवाय तेंदूपत्त्याचा हंगाम. तेव्हा सकाळी दहापर्यंत घरी परतायचं.

सूर्य चांगला वर आल्यावर निघावं आणि मावळायच्या तासभर आधी गावात असावं. अंधारात दुसरा धोका म्हणजे कुंपणाच्या तारा. रानडुकरांपासून पीक वाचवायला काही ठिकाणी तारेत बेकायदा वीज सोडली जाते. त्यात माणसंही दगावली आहेत. रात्री शेतातून आडवाट धरू नये.

सायकल कोणती लागते?

महागडी सायकल घ्यायलाच हवी असं नाही. ग्रॅव्हल सायकलचा टायर साधारण ३५ ते ५० मिलिमीटर रुंद असतो. गावातल्या जुन्या काळ्या सायकलचा २८ बाय दीड इंची टायर भरतो ४० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे त्याच मापात. फरक आहे गिअरचा, वजनाचा आणि ब्रेकचा. दांडीचे ब्रेक ओले झाले की नीट धरत नाहीत. म्हणून उतारावर वेग आधीच कमी करावा आणि ब्रेकचे रबर झिजले असतील तर बदलून घ्यावेत. मानव विकास कार्यक्रमातून मुलींना मिळालेल्या सायकलीही मुरमाच्या वाटेवर चालतात, फक्त ब्रेक आणि साखळी दर महिन्याला बघावी लागते.

कच्च्या वाटेवर टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवावी. गच्च भरलेला टायर खडीवर उसळतो आणि वळणावर घसरतो. पण इतकीही कमी नको की रिम दगडाला टेकेल. वळणावर पुढचा ब्रेक जोरात दाबू नये. सोबत पंप, पंक्चरचं सामान आणि माणशी दोन-तीन लिटर पाणी ठेवावं. तलावाचं पाणी पिऊ नये.

जनावर समोर आलं तर

- एकट्याने जाऊ नये. दोघं-तिघं असावं, बोलत जावं, वळण आलं की घंटी वाजवावी. कानात इअरफोन नको.
- वाघ किंवा बिबट दिसला तर पाठ फिरवून पळू नये, खाली वाकू नये. सायकलवरून उतरून ताठ उभं राहावं, सायकल मध्ये धरावी आणि त्याच्याकडे बघत हळूहळू मागे सरकावं.
- अस्वल दिसलं तर दुरूनच थांबावं आणि त्याला वाट मोकळी करून द्यावी. सोबत पिल्लं असतील तर लगेच मागे फिरावं.
- मोबाइलवर फोटो काढायला जवळ जाऊ नये.
- राज्यात उरलेले सारस मुख्यतः याच भागात आहेत. पावसाळ्यात ते धानाच्या बांधीत घरटं करतात. घरटं दिसलं तर दूर राहावं आणि जागेचा फोटो ग्रुपवर टाकू नये.

गावाने काय करावं?

बाहेरून सायकलवाले येऊ लागले तर चहा, जेवण, मुक्काम आणि पंक्चरच्या दुकानाला काम मिळू शकतं. त्यासाठी नवा रस्ता लागत नाही, वाट दाखवणारा माणूस लागतो. कोणत्या पाळीवरून जायचं, कोणती पांदण पुढे बंद आहे, काल अस्वल कुठे दिसलं, हे गावातल्यालाच माहीत असतं. ग्रामपंचायत आणि संयुक्त वन व्यवस्थापन समितीने ‘इथपर्यंत जा, इथून पुढे नको’ एवढी पाटी लावली तरी बरेच प्रसंग टळतील. तीच पाटी शाळेतून सायकलने परतणाऱ्या मुलींच्याही उपयोगाची.

हे नंबर सेव्ह करा: वनविभाग १९२६, रुग्णवाहिका १०८, पोलीस ११२. जंगलपट्ट्यात बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. म्हणून निघताना कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजता परतणार, हे घरी किंवा शेवटच्या गावातल्या दुकानात सांगूनच पुढे जावं.